पुढच्या गाडीच्या पुढे

३ फेब्रुवारी, सोमवार

एकाच रस्त्यावर एकोणीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला अचानक जास्त डिझेल का लागायला लागतं? मला याचं उत्तर देता येत नाही. आणि असली उत्तरं देण्यासाठीच मला नोकरीवर घेतलं आहे.

आज डेपोत माझा पहिला तक्ता लागला. एकेचाळीस ड्रायव्हर, आणि लिटरला किती किलोमीटर गाडी चालली त्याप्रमाणे त्यांचे क्रमांक. मार्चअखेर डिझेलचा खप एक दशांशाने कमी झाला नाही, तर मुख्य कचेरी हा डेपो बंद करणार आहे. मॅनेजरबाईंनी मला ‘इंधन बचत सहायक’ म्हणून तीन महिन्यांसाठी नेमलं ते त्यामुळेच. तक्त्यात शेवटचे तीन येतील त्यांना एप्रिलपासून गाडीवरून उतरवायचं, हेही ठरलं आहे. ही सूचना माझीच. नुसता कागद चिकटवून कोण सुधारतं, असं मी भर बैठकीत म्हणाले होते.

एकेचाळिसावा क्रमांक बाबांचा आहे.

ड्रायव्हर लोक बाबांना ‘लोणी’ म्हणतात. त्यांनी ब्रेक मारला की उभ्या प्रवाशाच्या हातातल्या कपातला चहासुद्धा हलायचा नाही, म्हणून. मी सहा वर्षांची असताना ते मला इंजिनच्या झाकणावर बसवून सांगायचे, “पुढची गाडी बघायची नाही. तिच्या पुढची बघायची. ती थांबणार हे आधी कळलं की आपण नुसता पाय उचलायचा. ब्रेक म्हणजे जाळलेलं डिझेल.” माझ्या माहितीपत्रकातला पहिला नियम हाच आहे. कॉलेजच्या कुठल्याच पुस्तकात तो इतक्या सोप्या भाषेत नव्हता.

तक्ता वाचून एक ड्रायव्हर म्हणाला, “थेंबताई, आधी घरात शिकवणी लावा की!” सगळे हसले. मला थेंबताई म्हणतात, कारण मी थेंब थेंब वाचवा असं सारखं म्हणते. बाबाही हसले. तक्त्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज वही आणि स्टॉपवॉच घेऊन बाबांच्या सतरा नंबरच्या गाडीत बसले. संध्याकाळच्या दोन फेऱ्या केल्या.

जोराचे ब्रेक बावीस. बहुतेक सगळे ऊन उतरल्यावरचे. अंधार पडायला लागला तसे बाबा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच चालवू लागले, रस्ता मोकळा असताना. मागचे हॉर्न वाजवत होते. मी नोंद केली : ‘संध्याकाळी थकवा? उत्साह कमी.’

कारण सापडलं आहे असं वाटतं. त्यांचा कंडक्टर. सगळा डेपो त्याला ‘रेडिओ’ म्हणतो, मी लहानपणापासून रेडिओकाका म्हणते. तिकिटं फाडून झाली की हा माणूस बाबांच्या खांद्याशी येऊन उभा राहतो आणि त्याची बडबड सुरू होते.

“लोण्या, ती निळी टॅक्सी बघ. वळायचंय की सरळ जायचंय, तिचं तिलाच माहीत नाही... आजीबाई निघाल्या रस्ता ओलांडायला. आधी काठी येतेय, आजी मागून सावकाश... सिग्नल पिवळा झाला रे, आपण झालो म्हातारे... डाव्या अंगाला सायकलवाला, आणि अंगात शर्ट असा की आंधळ्यालाही दिसावा!”

यावर दोघेही खूप हसले.

मी मोजलं. एका फेरीत अठ्ठेचाळीस वेळा. ड्रायव्हरचं लक्ष एका फेरीत अठ्ठेचाळीस वेळा उडत असेल तर ॲव्हरेज मिळणार कसं? काकांनी मला खांद्यावर बसवून फिरवलं आहे, त्यामुळे लिहिताना वाईट वाटलं. तरी लिहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरी मी कामाचं बोलायचं नाही, असं आईने बजावलं आहे. हल्ली ती फार चिडचिडी झाली आहे. वाचायला प्रकाश मिळावा म्हणून मी खुर्ची खिडकीकडे सरकवली तर अंगावर आली, “जागच्या वस्तू जागी राहू देत! किती वेळा सांगायचं?” जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला तिने पांढरी चिकटपट्टी लावली आहे. का, तर पाय घसरतो. गेल्या वीस वर्षांत कुणाचा घसरला नाही.

कायम होण्याच्या अर्जावर जामीनदार म्हणून बाबांची सही हवी होती. बाबांनी विचारलं, “कुठे?” मी बोट ठेवलं तिथे त्यांनी पेन टेकवलं, पण सही ओळीवरून खाली घसरत गेली. नवा अर्ज आणावा लागणार.

“वर्तमानपत्र का बंद केलंत?” मी विचारलं.

“रोज तेच. तू वाचतेस ना, तू सांग.”

मी वाचून दाखवलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून त्यांना माझं वाचणं ऐकायला आवडतं. डोळे मिटून ऐकतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ड्रायव्हर-कंडक्टरांची बैठक झाली. मी नियम सांगितले. लांबवर नजर ठेवा. पाय हलका ठेवा, उगाच रेस देऊ नका. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकू नका. सिग्नलला मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. टायरमधली हवा दर सोमवारी तपासा.

“आणि श्वास?” मागून कुणीतरी विचारलं. “तो कधी घ्यायचा ताई?”

बाबा म्हणाले, “सगळ्यांनीच इंजिनं बंद केली तर सिग्नल सुटला हे कळायचं कसं? शेजारच्याची गुरगुर ऐकूनच तर आपण निघतो.” लोक हसले. मीही हसले. बाबा बैठकीत बोलतात हेच मला नवीन होतं.

मग शेवटचा नियम. गाडी चालू असताना कंडक्टरने ड्रायव्हरशी बोलायचं नाही. मागच्या दाराशीच थांबायचं. सिंगल बेल, डबल बेल, बास. मॅनेजरबाईंनी तिथल्या तिथे सही केली.

रेडिओकाका काहीतरी चमकदार बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले. ते बोललेच नाहीत. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. बाबांनी मान वळवून मला शोधलं, दोन-तीन चेहऱ्यांवरून पुढे जात, आणि मी सापडल्यावर नुसते बघत राहिले.

मला वाटलं होतं त्यांना अभिमान वाटेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डेपोचं ॲव्हरेज वाढलं. मॅनेजरबाईंनी पाठ थोपटली. आनंद व्हायला हवा होता.

बाबांचं आणखी पडलं. नियमाआधी लिटरला पावणेचार किलोमीटर मिळत होते, आता तीन पूर्णांक एक. मेकॅनिकला गाडी उघडायला लावली. फिल्टर, पंप, टायर, ब्रेकचे लायनर, सगळं पाहिलं. “गाडी ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “लायनर तेवढे साफ झिजलेत. लोण्याच्या गाडीचे लायनर मी कधी बदललेच नव्हते हो.” दोन दिवस बाबांना दुसरी गाडी दिली. तिचंही ॲव्हरेज तेवढंच पडलं.

म्हणजे दोष गाडीत नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. पुढचं वाक्य लिहायचा धीर होत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लिहितेच. टाकीतून डिझेल कुणी काढत असेल तरी आकडे असेच दिसतील. दुसरं कुठलं कारण मला सुचत नाही. रात्रंदिवस हाच किडा डोक्यात. 

आज शेवटी विचारलंच. बाबा बूट घालत होते, लेस हाताने चाचपत.

“बाबा, तुम्ही टाकीतून डिझेल... कुणाला देता का?”

त्यांनी लेसची गाठ पक्की केली. मग म्हणाले, “तुला तसं वाटतं का?”

“आकडे तसं सांगतात.”

“मग तसं लिही.”

नाही म्हणाले नाहीत! एका शब्दाने नाही म्हणाले असते तरी मी आकडे फेकून दिले असते. आई स्वयंपाकघरातून आली. तिने माझा दंड धरला आणि दात आवळून म्हणाली, “त्या कंडक्टरला पुन्हा पुढे उभा राहू दे. बाकी काही करू नकोस. हात जोडते तुला.”

मला कळेना. मी चोरीबद्दल बोलतेय, आणि हिला बाबांच्या दोस्ताची पडली आहे. मी म्हटलं, मैत्रीसाठी नियम वाकवायचे तर मी शिकले कशाला?

“तेच विचारतेय मी,” आई म्हणाली.

६ मार्च, गुरुवार

आज संध्याकाळी सतरा नंबरने रस्त्यावरच्या पट्ट्या रंगवणाऱ्या माणसाला उडवलं असतं.

तो ओणवा होऊन झेब्रा रंगवत होता. भोवती नारिंगी शंकू मांडले होते. बस शंकूंवरून गेली, रंगाचा डबा चिरडला. त्याने कडेला उडी मारली म्हणून वाचला. गुडघा फुटला आहे, मनगट सुजलं आहे. बाबा म्हणतात, “डबा मधोमध ठेवला होता त्याने.” रेडिओकाका मागच्या दाराशी होते, नियमाप्रमाणे. ते डेपोच्या नळावर तोंड धूत राहिले, धूत राहिले. नळ बंद मीच केला.

मॅनेजरबाई म्हणाल्या, “ड्रायव्हरला रविवारपर्यंत सुट्टी. उद्या घटनास्थळी जा, अहवाल दे. तुझे वडील आहेत, जमणार नसेल तर आत्ता सांग.”

जमेल म्हणाले.

७ मार्च, शुक्रवार

जागा शोधायला विचारावं लागलं नाही. बसच्या चाकांना पांढरा रंग लागला होता आणि तो डेपोपर्यंत रस्त्यावर उमटत आला होता. झेब्राजवळ दाट, डेपोकडे फिकट. मी डेपोपासून उलटी चालत गेले. चाकाच्या नक्षीचे ठसे होते, पावणेदोन किलोमीटर.

पोहोचल्यावर मी माझं नेहमीचं काम केलं. शंकू किती लांबून दिसतात हे मोजायला मागे चालत गेले. पन्नास पावलं, दिसतात. शंभर, दिसतात. दीडशे पावलांवर चौकातल्या खांबाशी पोहोचले तरी पुन्हा मांडलेले ते सहा शंकू पेटल्यासारखे दिसत होते. तेही कालच्याच वेळी, संध्याकाळच्या त्याच उजेडात.

ब्रेकच्या खुणा शंकूंच्या आधी नव्हत्या. नंतर होत्या.

मी खांबाला धरून उभी राहिले. बाबांना शंकू दिसले नाहीत. टॅक्सी दिसत नव्हती, आजीबाई दिसत नव्हत्या, सिग्नल दिसत नव्हता. दिसत नव्हतं म्हणूनच तर कुणीतरी खांद्याशी उभं राहून सांगत होतं. एका फेरीत अठ्ठेचाळीस वेळा! आणि मी ते मोजलं, लिहिलं, आणि बंद करवलं.

वर त्यांना चोर म्हणाले.

८ मार्च, शनिवार

रेडिओकाकांना डेपोच्या मागे गाठलं, जुन्या टायरांच्या ढिगाशी. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, “कळलं ना तुला.”

“किती वर्षं?”

“नीट म्हणशील तर तीन. आधी नुसता अंधाराचा त्रास होता.”

“आणि दरवर्षीची डोळ्यांची तपासणी?”

ते ओशाळून हसले. “रांगेत मी त्याच्या पुढे उभा राहतो. अक्षरं मोठमोठ्याने वाचतो. डॉक्टर म्हणतात, अहो हळू, मी बहिरा नाही. लोण्याचं पाठांतर पक्कं आहे गं. एवढंच आहे की गेल्या साली अक्षरांचा तक्ता बदलला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. त्या पठ्ठ्याने तोही ऐकल्या ऐकल्या पाठ केला.”

“काका, माणूस मेला असता परवा.”

हसू गेलं. “मी पुढे असतो तर?”

 पुढे असते तर कदाचित काहीच झालं नसतं. हेच सगळ्यात वाईट आहे.

“मला का नाही सांगितलंत? बैठकीत तरी हात वर करायचा.”

“आणि काय म्हणायचं? तुझा बाप आंधळा होतोय, अशी सगळ्या डेपोसमोर दवंडी पिटायची? त्याने शपथ घातली होती. पोरगी डेपोत लागलीय, तिच्या डोक्यावर हे ओझं नको म्हणाला.”

९ मार्च, रविवार

बाबा खिडकीशी बसले होते. खुर्ची तिच्या जागेवर होती. मी समोर बसले. मी काय बोलायला आले आहे हे त्यांना माझ्या पावलांवरूनच कळलं असावं.

“कधी कळलं?”

“परवा. त्या झेब्रापाशी.”

“उशीर केलास,” ते म्हणाले. “पुढच्या गाडीच्या पुढे बघायला शिकवलं होतं मी तुला.”

मला रडू फुटलं. त्यांनी माझा हात शोधला. टेबलाच्या कडेने बोटं सरकवत शोधला आणि धरला. मग शांतपणे सांगत गेले. मधलं दिसतं, धुक्यातून बघितल्यासारखं. कडेचं नाही. अंधार पडला की मधलंही जातं. खाजगी डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण बातमी फुटली असती आणि गाडी गेली असती.

“वेळेवर गेला असतात तर राहिलं असतं थोडं?”

“असतं कदाचित. गाडी राहिली नसती.”

आई दारात उभी होती. 

मग ते म्हणाले, “चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. रेडिओला पुढे उभा राहू दे. रस्ता मला पाठ आहे, नवीन काय असेल ते तो सांगेल. मी फक्त सकाळपाळी मागून घेतो. तुझं ॲव्हरेजही सुधारेल बघ.”

सुधारेल. आकड्यांनी दाखवलंच आहे ते. नियम मी केला, मीच मागे घेऊ शकते, कुणी विचारणारही नाही. डेपो वाचेल, बाबा वाचतील, मी कायम होईन. मला एकाच माणसाला विसरावं लागेल, जो गुडघ्यावर पट्टी बांधून बसला आहे आणि ज्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.

“गाडी काढून घेतलीस तर मी दिवसभर काय करू?” हे त्यांनी विचारलं तेव्हा आवाज लहान मुलासारखा झाला होता. आजवर ज्या आवाजाने ते माझ्याशी बोलले तो हा नव्हे.

मी उठले. दुपारी त्या रंगवणाऱ्याच्या घरी गेले. त्याने मनगट दाखवलं. “हाताचंच काम आहे हो माझं,” म्हणाला. “सरळ रेघ मारायची म्हणजे मनगट लागतं.” त्याला वाटलं मी मदतीचा अर्ज घेऊन आले आहे. मी कुणाची मुलगी हे सांगितलं नाही. ही माझ्या भेकडपणाची नोंद.

१० मार्च, सोमवार

दुपारचे दोन वाजले आहेत. क्रमाने लिहिते.

साडेपाचला डेपोत पोहोचले. मॅनेजरबाई आल्या तेव्हा पत्र तयार होतं. सतरा नंबरच्या ड्रायव्हरला दिसत नाही, तो माझा बाप आहे, त्याला आजपासून गाडी देऊ नये आणि डोळे तातडीने तपासावेत. कंडक्टरला मागे पाठवण्याचा नियम माझा होता, आणि तो करताना मी जे पाहत होते ते मला समजलं नव्हतं, हेही लिहिलं. रेडिओकाका तपासणीच्या रांगेत काय करायचे ते लिहिलं नाही. माझ्या हातून गेलेला हा पहिला अपुरा अहवाल.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. “उद्या दिलंस तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “आजची रात्र विचार कर.”

“आज त्यांची सकाळपाळी आहे, पहिली फेरी सहाला सुटते,” मी म्हटलं, आणि फळ्यावरच्या खिळ्यावरून सतरा नंबरची किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

पावणेसहाला बाबा आले. रेडिओकाका बरोबर होते. बाबांचा हात न बघता त्या खिळ्याकडे गेला, जसा रोज जातो. बोटं खिळ्यावर टेकली. खाली सरकली. पुन्हा वर आली. ते तिथेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून.

“बाबा, मी पत्र दिलं, आणि किल्लीही,” मी म्हटलं.

मागे वळले नाहीत. “पत्रात काकांचं काही?”

“नाही.”

“बरं केलंस.”

 काकांनी बाबांच्या शर्टाचा खांदा उगाच नीट केला आणि ते आपल्या गाडीकडे गेले. नव्या ड्रायव्हरबरोबर. मागच्या दाराने चढले.

घरी आम्ही बसनेच आलो, पुढच्या बाकावर बसून. ड्रायव्हर तरुण होता, चांगला चालवत होता. बाबांनी कमरेत ताठ राहून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. थांबा आला की त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा. पण बस थांबल्यावर. पहिल्या थांब्याला, दुसऱ्या थांब्याला, तिसऱ्या थांब्याला. मला बघवेना.

चौथ्याच्या आधी मी त्यांच्या कानाशी वाकले. “बाबा, पुढे पांढरी गाडी. तिच्या पुढे टेम्पो आहे, त्याचे मागचे दिवे लागलेत. त्याच्या पुढे सिग्नल, पिवळा झाला.”

 त्यांनी पाय फळीवरून अलगद उचलला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग हळूच टेकवला. बस त्याच क्षणी थांबली.